पाटावरचे जावई आणि गादीवरचा लॅपटॉप

आमच्या घरात एखादी वस्तू विकत यायची तर तिला आधी दुसऱ्या वस्तूशी भांडून जिंकावं लागायचं. लातुरात गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेजवळ अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागं आमचं घर, म्हणजे दुकान मांडून जी जागा उरली तिच्यात आम्ही. सकाळी शटर वर गेलं की गिऱ्हाईक बायका पातेली ठोकून बघायच्या. लग्नसराईत भांड्यांवर नावं कोरायचं यंत्र दिवसभर टर्रर्र करायचं. माझा सगळा अभ्यास त्या आवाजात झाला. आजही अगदी शांत खोली असली की मला दोन ओळी वाचवत नाहीत. अप्पांचा विकणाऱ्यावर विश्वास नव्हता, कारण ते स्वतः विकणारे होते. पंखा घ्यायचा असला तर ते दोन पंखेवाल्यांना एकाच वेळी बोलवायचे, समोरासमोर बसवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "लावा. ज्याचा जिंकंल त्याचा घेऊ." शोभाताईच्या लग्नाला बँड ठरवायचा होता तेव्हा त्यांनी दोन बँडवाले दुकानासमोर उभे करून एकदमच वाजवायला लावले. अर्धा तास बाजार बंद पडला. हरलेला बँडच बरा वाजवत होता, असं अव्वा अजून म्हणते.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर उदगीरचं, त्यामुळं आम्ही तिला आई न म्हणता अव्वा म्हणायचो, आणि ती फार चिडली की मराठी सोडून कानडीत शिरायची. घरात आम्ही तिघी बहिणी. थोरल्या शोभाताईला लातुरातच दिलेलं, मधल्या अक्काला हदगावला. उरले मी, महानंदा, घरात नंदी. बैलाचं नाव आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तोपर्यंत उशीर झाला होता.

बारावी झाली आणि मला नांदेडच्या कॉलेजात कंप्युटर इंजिनियरिंगला जागा मिळाली. लातुरातही मिळत होती. अप्पांचं म्हणणं, "गोलाईतून सोळा रस्ते फुटतात, तुला त्यातला एकबी पुरंना?" नांदेडचं कॉलेज लातूरच्यापेक्षा चांगलं आहे वगैरे मी सांगायची, पण ते काही खरं कारण नव्हतं. नांदेडला आमच्या घरचं कुणीही राहत नव्हतं, हेच मला त्या गावाचं सगळ्यात मोठं आकर्षण होतं. मला एक अशी खोली हवी होती जिथं मी आत गेल्यावर कुणी "कोण आलं?" विचारणार नाही. अठराव्या वर्षी एवढंसं मागणंही सरळ मागता येत नाही. मी रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. जेवण सोडलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी मधल्या वेळेत शेंगदाणे खात होते.

प्रवेश घ्यायचा की सोडायचा हे त्याच आठवड्यात ठरायला हवं होतं. आणि कुठंही शिकले तरी कंप्युटर लागणारच होता. तेव्हा अप्पांनी आपली नेहमीची पद्धत काढली. "डेस्कटॉप का लॅपटॉप? दोन्ही समोरासमोर ठेवा. जे जिंकंल ते घेऊ." पुढचं ते काही बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं. लॅपटॉप पिशवीत घालून हॉस्टेलवर नेता येतो. डेस्कटॉप ही घरात बसणारी वस्तू. एवढं धूड कोण नांदेडला नेणार? म्हणजे डेस्कटॉप जिंकला तर मी लातुरात, लॅपटॉप जिंकला तर नांदेडला. माझ्या आयुष्याचा निकाल दोन प्रोसेसरांवर सोपवून अप्पा शांतपणे कढया मोजायला निघून गेले.

योगायोगानं तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयांना बोलावून, पाटावर बसवून, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही रीत आमच्याकडं जावई कसाही असला तरी पाळतात. आमचे दोन्ही जावई या भांडणासाठी देवानंच घडवलेले होते. थोरले मन्मथराव लातुरात कंप्युटरचं दुकान आणि क्लास चालवायचे. सुटे भाग आणून स्वतःच्या हातानं डेस्कटॉप जोडायचे आणि जोडलेल्या प्रत्येक डेस्कटॉपकडं पोटच्या पोरासारखं बघायचे. दुसरे शिवराज भाऊजी हदगावचे, बियाण्यांच्या कंपनीत. कंपनीनं त्यांना लॅपटॉप दिला होता आणि तो जीपमध्ये घालून ते हदगावपासून माहूरपर्यंत शेतकऱ्यांना सोयाबीनचे फोटो दाखवत फिरायचे. त्याच्या कळांमध्ये मातीही होती. दोघे एकमेकांचे साडू, आणि साडूंमध्ये जे असायला हवं ते सगळं त्यांच्यात होतं.

धोंड्याच्या दिवशी दोघे सकाळीच आले आणि चपला काढायच्या आधीच जुंपली. अप्पांनी दोन्हींवरचे प्रोसेसरच्या वेगाचे कागद वाचले होते. "दोन्हीवर आकडा एकच हाय," ते म्हणाले. "दोन पॉइंट चार. मग तकरार कशाची?"

"आकड्यावर जाऊ नका अप्पा," मन्मथराव म्हणाले. "तुमच्याकडं पाच लिटरची दोन पातेली असतात. एक जाड बुडाचं, एक पातळ. माप तेच, पण शेगडीवर चढवल्यावर कोण टिकतंय ते कळतंय ना? लॅपटॉपमधला प्रोसेसर तापू नये म्हणून, बॅटरी वाचावी म्हणून, जीव राखून पळतो. माझ्या डब्यात हवा खेळती हाय, पंखा हाय बशीएवढा. दिवसभर दमवा, दमणार न्हाई."

"अन् तो डबा उचलताना माणूस दमून राहिला त्याचं काय?" शिवराज भाऊजी म्हणाले. "मी माझा माहूरच्या गडावर नेला, पायऱ्या चढून. तुमचा एका जागेवरून हलत नाही, साडूभाऊ. त्याला कंप्युटर नाही, कपाट म्हणतात."

"गडावर सोयाबीन कोण पेरतंय?"

"दर्शनाला शेतकरीच येतात ना."

मी दोघांना पाणी देत होते आणि मनातून घाबरले होते, कारण मन्मथरावांचं बरोबर होतं. उन्हाळ्यात मी त्यांच्याच क्लासला गेले होते. एकच आकडा लिहिलेले दोन प्रोसेसर जोरात कामाला लावले तर डेस्कटॉपचा पुढं जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. ज्ञान हे नेहमी असं चुकीच्या वेळी असतं. माझी सगळी भिस्त लोडशेडिंगवर होती. त्या काळी आमची लाइट अकराला जायची ती दुपारी यायची. लाइट गेली की डेस्कटॉप आडवा, आणि लॅपटॉप बॅटरीवर सुखानं चालू. असा हिशोब करून मी खुशीत पुरण वाटायला बसले, तर मन्मथरावांनी ऑटोतून बॅटरी आणि इन्व्हर्टर उतरवला. "आपण पूर्ण तयारीनं येतो," ते म्हणाले. मला त्यांच्या डोक्यात पुरणयंत्र घालावंसं वाटलं. गंमत म्हणजे जी लाइट जायला महिनाभर एक दिवस चुकली नव्हती ती त्या दिवशी गेलीच नाही.

काम असं ठरलं: अक्का आणि शिवराज भाऊजींच्या लग्नाचं शूटिंग दोन्ही कंप्युटरांवर घालायचं आणि ते बारीक करून सीडीत मावेल एवढं करायचं. फाईल एकच, सॉफ्टवेअर एकच. जो आधी संपवेल तो जिंकला. असल्या कामात प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, म्हणून मन्मथरावांनीच ते सुचवलं होतं. शिवराज भाऊजी बिचारे स्वतःच्याच लग्नात पुन्हा एकदा फसले. जेवणं होईपर्यंत दोन्ही यंत्रं चालू ठेवायची, कारण धोंडे गार झालेले अव्वाला चालत नसत.

आता इथून पुढं अव्वा आली. तिचं म्हणणं, घरात आज जावई आलेत, नवी वस्तू आलीय, पूजा नको? जावयांच्या कपाळावर तिनं विभूतीचे तीन पट्टे ओढले, मग मन्मथरावांच्या डब्यावर तीन, मग लॅपटॉपच्या झाकणामागं तीन. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. डेस्कटॉप टेबलावर होता, टेबल त्यानंच भरलं होतं. लॅपटॉप शिवराज भाऊजींनी फरशीवर ठेवला होता. "अय्यो, हदगावचा पाहुणा असा खाली बसवतात व्हय?" असं म्हणून अव्वानं घरातली सगळ्यात जाड कापसाची गादी आणली, तिच्यावर स्वतःच्या लग्नातली शाल चौघडी करून अंथरली आणि लॅपटॉप तिच्यावर बसवला. तो त्या मऊ शालीत इंचभर रुतला. फार रुबाबदार दिसत होता. लोडाला टेकायचं तेवढं बाकी होतं.

लॅपटॉप हवा खालून ओढतो. मी आज पॉलिटेक्निकमध्ये पोरांना प्रोसेसर शिकवते तेव्हा गादीवरचा लॅपटॉप इतक्या तळमळीनं समजावते की पोरं एकमेकांकडं बघतात. प्रोसेसर तापला की आधी आपणहून वेग कमी करतो, तरीही तापत राहिला की जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो. हे तेव्हा त्या खोलीत तिघांना माहीत होतं. त्यातले दोघे पाटावर बसले होते, आणि पाटावर बसलेल्या जावयानं जेवण होऊन, ओवाळून, वाण हातात पडेस्तोवर उठायचं नसतं. तिसरी मी, तूप वाढत होते.

दोन्ही पडद्यांवर निळ्या पट्ट्या सरकायला लागल्या. धोंडे वाढले, वर तुपाची धार, बाजूला पुरणाच्या कटाची, येळवणीची आमटी, भजी, कुरडया. सगळे जेवता जेवता पट्ट्यांकडं बघत होते. शेजारच्या दोन बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं लग्नाची सीडी लावलीय. सुरुवातीला दोन्ही पट्ट्या जवळजवळ होत्या, आणि मला क्षणभर वाटलं की विज्ञान चुकीचं असेल. मग लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. आधी बारीक, मग घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा. त्याची पट्टी रेंगाळली. शिवराज भाऊजींचा घास हातातच राहिला. "अव्वा," ते म्हणाले, "ते जरा उचलून… नाही म्हणजे, त्याला गरम होऊन राहिलं."

"पाहुण्याला शाल गरमच असती," अव्वा म्हणाली. "तुम्ही धोंडा घ्या आणखी."

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि हळूच गादीकडं सरकले. चार बोटं वर उचलून खाली एक वाटी सारली असती तरी त्यात जीव आला असता. माझा हात पोचायच्या आत अव्वाचा हात माझ्या मनगटावर पडला. "ब्याड!" ती ओरडली, म्हणजे नको. "अक्षता पडल्यात त्याच्यावर. पूजा झालेली वस्तू जेवणं व्हायच्या आधी हलवत न्हाईत."

मन्मथराव शांतपणे कुरडई मोडत होते. एवढ्या समाधानानं कुरडई मोडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि मग लॅपटॉप विझला. आवाज एकदम थांबला. अक्काचं लग्न अर्ध्यावर राहिलं. टेबलावरची पट्टी मात्र सरकत सरकत टोकाला गेली आणि डेस्कटॉपनं टुंग केलं. अप्पांनी ताटात हात झटकला आणि म्हणाले, "झालं. डेस्कटॉप." शिवराज भाऊजी गादीची तक्रार करायला लागले. तेव्हा मन्मथराव म्हणाले की गादी नसती तरी मागंच पडला असता, फक्त विझला नसता. ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझं काय जळत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. सगळे जिंकलं कोण याच्यावर बोलत होते.

मी तिथंच बोलले. हातात तुपाचं भांडं, समोर दोन जावई, दारात शेजारणी. "मला वेग नकोच हाय अप्पा. कोण पुढं पळालं ह्याच्याशी मला काही घेणं न्हाई. मला नांदेडला जायचंय."

अप्पा मान वर न करता म्हणाले, "इथं काय कमी हाय तुला?"

"काहीच कमी न्हाई. तरी जायचंय."

एवढं बोलून मला हुंदका आला, आणि हुंदक्याबरोबर तूप शिवराज भाऊजींच्या धोतरावर सांडलं. धोंड्याला म्हणून ते बिचारे मुद्दाम नेसून आले होते. कुणी हसलं नाही. अप्पा आमटीत बोट फिरवत म्हणाले, "दोघी गेल्या. लग्न करून गेल्या, त्यात माझं काही चालत न्हाई. हिच्यावर तरी चार वर्षं माझं चालंल म्हणलं." अप्पा असं कधी बोलायचे नाहीत. मला त्यांची दया आली आणि तरीही जायचंच होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. "आता शब्द दिला," ते पुढं म्हणाले. "जे जिंकलं ते घेऊ म्हणलो व्हतो. डेस्कटॉप जिंकला."

अव्वा आत भजी तळत होती. ती झारा घेऊनच दारात आली. "अहो, तुम्ही घेऊ म्हणलात. ठेवू कुठं ते कुठं म्हणलात?"

"म्हंजे?"

"म्हंजे तो डबा घ्या, अन् नांदेडला पाठवा. माझी शिलाई मशीन उदगीरहून एसटीच्या टपावर आली व्हती. पाय मोडला का तिचा?"

अप्पा हसले. "मशीन लोखंडाची असती. ह्यो नाजूक माल. पोचंपर्यंत खुळखुळा व्हईल." आणि आधारासाठी त्यांनी मन्मथरावांकडं पाहिलं, कारण मला लातुरात ठेवायचं हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. "काय जावईबापू? जाईल का हे एसटीत?"

मन्मथराव अडकले. समोर साडू बसला होता, ज्यानं सकाळीच त्यांच्या डेस्कटॉपला कपाट म्हटलं होतं. आता त्याच साडूसमोर, नुकत्याच जिंकलेल्या डब्याबद्दल, तो एसटीचे धक्के सोसणार नाही असं त्यांनी सांगायचं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. शिवराज भाऊजी धोतरावरचं तूप पुसत म्हणाले, "नाही जमायचं त्याला. राहू द्या."

"का न्हाई जमायचं?" मन्मथराव उसळले. "निलंग्याला पाठवलाय मी, टपावरून! एक स्क्रू ढिला झाला न्हाई. नांदेड काय घेऊन बसलात, काशीला न्या!"

झालं. अप्पा आयुष्यभर विकणाऱ्यांना समोरासमोर बसवत आले आणि शेवटी त्याच पद्धतीनं स्वतः सापडले. त्यांनी हात धुतले, जावयांना वाण दिलं आणि दुकानात गेले. दुपारभर नावं कोरायचं यंत्र वाजत होतं. संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढं भांडी मांडली: ताट, वाटी, तांब्या, चमचा, डबा आणि बादली. सगळ्यावर कु. महानंदा. साबणाची डबीसुद्धा सोडली नव्हती.

निघायच्या दिवशी अप्पा सोबत येणार होते. पहाटेपासून तयार होऊन बसले, आणि बसची वेळ झाली तेव्हा म्हणाले, आज माल यायचाय, दुकान कोण बघणार. माल वगैरे काही यायचा नव्हता. बसस्टँडवर सगळ्यांसमोर डोळे पुसावे लागतील ही त्यांना भीती होती, आणि त्यांनी ते दुकानातच मोठ्या पातेल्याच्या आड उरकलं. म्हणून मग अव्वा निघाली. डबा सीटखाली, मॉनिटर तिच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टीव्हीचं तिकीट पडतंय." अव्वा म्हणाली, "टीव्ही न्हाई, ह्याच्यात मालिका लागत न्हाईत." सगळ्या वाटेभर खड्डा आला की ती मॉनिटरला थोपटायची.

हॉस्टेलच्या खोलीत तीन कॉट होत्या, एक माझी, दोन रिकाम्या. मी वायरी जोडत बसले आणि अव्वा खिडकीजवळच्या कॉटवर पदर आवरून बसली, पाहुण्यासारखी, टेकसुद्धा न देता. पडदा उजळला.

"चालू झालं?"

"झालं."

"मग मी निघते. चारची गाडी हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अव्वा कधीही एकटी कुठं गेलेली नाही. उदगीरला माहेरी जायची तरी अप्पा किंवा मामा सोबत असायचे. गोलाईच्या पलीकडं भाजीला जायची तरी आमच्यातली एक लागायची. आणि आज तिला नांदेडहून लातूरला एकटीनं जायचं होतं. अप्पा ऐन वेळी माघार घेणार हे ती ओळखून होती, आणि भज्यांचा झारा हातात घेतला तेव्हाच तिनं हे ठरवलं असणार. मी विचारलं, "अव्वा, जाशील ना एकटी?" ती म्हणाली, "मला कुठं चालवायचीय? गाडी डायवर चालवतो." फाटकाबाहेर ती रिक्षात बसली आणि गेली. मला हवी होती ती खोली मिळाली होती, आत गेल्यावर कोण आलं असं कुणी विचारणार नव्हतं. मी तिथं बसून इतकी रडले की शेजारच्या खोलीतली मुलगी कुणी वारलं का विचारायला आली.

रात्री हॉस्टेलच्या ऑफिसातल्या फोनवर मला बोलावलं. पलीकडं दुकानातले आवाज, आणि अप्पा मागून ओरडत होते, "विचार, डबा चालतोय का?" अव्वानं ते विचारलंच नाही.

"पोचले गं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला, अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. "नंदे, खिडकी मिळाली व्हती. लातूर आलं तरी उतरू वाटंना बघ."